पाहणीवाले येऊन गेले, पुढे काय?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताईंनी पुण्यातल्या एका आर्थिक संशोधन संस्थेत आधी गावोगावी पाहणीचं काम केलं आणि पुढे छाननी व तक्त्यांचा विभाग सांभाळला.)

प्रश्न : ताई, माझी मुलगी अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने तिला संशोधन साहाय्यक म्हणून बोलावलं आहे. संस्था नफ्यासाठी चालत नाही, असं पत्रात लिहिलंय. घरचे म्हणतात, नफाच नाही तर पगार कुठून देणार? आणि बँकेच्या परीक्षा सोडून तिथे जाऊन तिने करायचं तरी काय?
— एक वडील, राहाता

दादा, पगार मिळतो. अशा संस्था बहुधा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. वर्षअखेरीस चार पैसे उरले तर ते कुणी वाटून घेऊ शकत नाही, संस्थेच्याच कामाला लागतात. माणसं मात्र पगारी असतात. पगार बँकेइतका नसेल, आणि नेमणूक एखाद्या प्रकल्पावर असेल तर प्रकल्प संपला की तीही संपते. म्हणून पत्र नीट वाचा. पद कायम आहे की प्रकल्पापुरतं, भविष्यनिर्वाह निधी कापणार का, गावोगावच्या फिरतीचा भत्ता वेगळा आहे का, हे तिला आधीच विचारू द्या.

आता करायचं काय. तुम्ही राहात्याचे, तेव्हा तुमच्याच भागातलं सांगते. पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली. साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली. गाडगीळांचा तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्यावर खर्च किती आणि पाणीपट्टी किती वसूल झाली, एवढ्यावर त्यांचा हिशेब थांबत नाही. पाण्याने शेतातलं उत्पन्न किती वाढलं, मजुराला काम किती मिळालं, आसपासच्या व्यवहारात काय भर पडली, हे अप्रत्यक्ष लाभही त्यांनी मोजायला घेतले. धरण फायद्याचं की तोट्याचं, हे ठरवताना मजुराच्या घरी काय पडलं तेही धरायला हवं, हा विचार तेव्हा इतका रुळलेला नव्हता. पुढे त्याच प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा, आठवण निघेल.

तुमच्या मुलीचे पहिले महिने मात्र इतके मोठे नसतील. ती शेड्यूलं तपासत बसेल. शेड्यूल म्हणजे एका कुटुंबाची भरून आलेली प्रश्नावली. एक नमुना देते. घरात सहा माणसं, त्यांतली चार मोठी. महिन्याची ज्वारी विकत घेतली बारा किलो. इतर धान्य जवळजवळ नाही. हे शेड्यूल पुढे गेलं तर तक्त्यात ते घर उपाशी दिसेल. छाननी करणाऱ्या मुलीने इथे थांबायचं आणि मागच्या पानावर मजुरीचा रकाना पाहायचा. बाई सुगीला कापणीला जाते आणि मजुरी धान्यात घेते. ती ज्वारी विकत घेतलेली नाही, म्हणून तिने सांगितली नाही आणि माहिती लिहून घेणाऱ्या अन्वेषकाने विचारली नाही. मग शेड्यूल गावी परत जातं. अशा शंभर दुरुस्त्यांवर एक आकडा उभा राहतो आणि तो आकडा मंत्रालयात वापरला जातो. मला विचाराल तर पाठवा तिला. बँकेची परीक्षा पुढच्या वर्षीही असते.

प्रश्न : सरकारकडे जनगणना आहे, राष्ट्रीय नमुना पाहणी आहे, प्रत्येक जिल्ह्याला सांख्यिकी कार्यालय आहे. मग या वेगळ्या संस्था कशासाठी? लोकांच्या पैशाने तेच काम दोनदा होत नाही का?
— निवृत्त शासकीय कर्मचारी, सोलापूर

साहेब, राष्ट्रीय नमुना पाहणीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९५० पासून देशभर एका पद्धतीने घरं मोजणं कुठल्याही खाजगी संस्थेच्या आवाक्यातलं नाही, आणि आम्हीही आमचे आकडे तिच्याशीच ताडून पाहायचो. दोघांचं नातं जुनं आहे. स्वतंत्र भारताचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला १९४९ साली नेमलेल्या समितीत तिघंच होते : नमुना पाहणीमागचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस, गोखले संस्थेचे गाडगीळ आणि अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव.

पण सरकार सहसा मोजत नाही अशी एक गोष्ट असते : आपणच केलेला कायदा गावात पोचला का? मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षण, खंडावर म्हणजे जमिनीच्या भाड्यावर मर्यादा, सगळं कागदावर चोख होतं. गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी त्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली आणि अहवाल १९५७ साली आला. त्यात दिसलं ते असं, की कुळं मोठ्या संख्येने जमीन ‘स्वखुशीने’ मालकाला परत करत होती. खरेदीविक्री, कूळ बदलणं, जमीन मालकाकडे जाणं हे व्यवहार जणू कायदा झालाच नाही अशा तऱ्हेने चालू होते.

तुम्ही सरकारी नोकरीत होतात, तेव्हा तुम्हाला अधिक सांगायला नको. तलाठ्याच्या दप्तरात जमीन सोडल्याच्या राजीनाम्याचा कागद असतो, त्यावर कुळाचा अंगठा असतो. दप्तराच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. त्या अंगठ्यामागे काय घडलं हे कळायला कुणीतरी त्या कुळाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं. तिथे बसणारा माणूस मामलेदार कचेरीचा नसेल, तर कूळ बोलतं. मी हे स्वतः पाहिलेलं आहे. आमच्याबरोबर गावकामगार, म्हणजे गावातला सरकारी माणूस, असला की उत्तरं एका तऱ्हेची, आणि तो चहाला गेला की दुसऱ्या तऱ्हेची. पुढे आम्ही ठरवूनच टाकलं, घरात जाताना सोबत गावातलं कुणी घ्यायचं नाही. वाट दाखवायला पाहिजे तर घ्यायचं, आणि उंबऱ्याशी निरोप द्यायचा.

दुसरं कारण अलीकडचं आहे. २०१७-१८ ची कुटुंब-खर्चाची पाहणी झाली, आणि आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने २०१९ मध्ये ती प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. दर्जाबद्दलचा आक्षेप खरा असेल किंवा नसेल. पण सगळी मोजणी एकाच घरात होत असेल आणि त्या घराने दार लावून घेतलं, तर देशात गरिबी वाढली की घटली हे सांगायला दुसरा माणूस उरत नाही. नवी पाहणी २०२२-२३ साली झाली तोवर अभ्यासकांना जुन्या २०११-१२ च्या आकड्यांवरून अंदाज बांधत बसावं लागलं. त्या मधल्या वर्षांत नोटाबंदी येऊन गेली, करोना येऊन गेला. दोनदा काम होण्याचा खर्च मला त्यापुढे थोडा वाटतो.

आणि परत जाऊन मोजणं, हेही या संस्थांचंच काम. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी गोखले संस्थेने १९३६-३७ मध्ये केली होती. स्वातंत्र्यानंतर त्याच शहराची फेरपाहणी करून १९५६ साली तिचं पुस्तक काढलं. मधल्या काळात राज्य बदललं, फाळणी झाली, शहर वाढलं. पहिली मोजणी जपून ठेवलेली होती म्हणून दुसरीला अर्थ आला.

प्रश्न : आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं की संशोधन संस्थेचा अहवाल वाचताना आधी पैसा कुणी दिला ते बघा. मग सगळेच अहवाल कुणाच्या ना कुणाच्या पैशाचे असतात. विश्वास कशावर ठेवायचा?
— बी.ए. तृतीय वर्ष, सांगली

तुझ्या सरांनी बरोबर सांगितलं, फक्त तिथेच थांबू नकोस.

पैसा कुठून येतो ते आधी. मूळ देणगीच्या ठेवीचं व्याज, ते आता फार पुरत नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं अनुदान काही संस्थांना मिळतं. केंद्राच्या कृषी खात्याची शेती-अर्थशास्त्राची केंद्रं आणि आरोग्य खात्याची लोकसंख्या संशोधन केंद्रं अशा संस्थांतून चालतात. उरलेलं प्रकल्पांवर : एखादं खातं, एखादी परदेशी देणगीदार संस्था, कधी नाबार्ड.

आता एक उदाहरण घे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या गोखले संस्थेतल्या अर्थतज्ज्ञांचा भारतातल्या गरिबीवरचा अभ्यास १९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या लागोपाठच्या दोन अंकांत आला. पैसा फोर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेचा. काळ कोणता? ‘गरिबी हटाव’च्या घोषणेचा. या दोघांनी माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च धरून रेषा ओढली : १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली त्यांना खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं सापडली. विकासाची फळं वरच्या थरांत अडकली, असं त्यांनी लिहिलं. आहे ती जमीन वाटूनही सगळ्यांना पुरणार नाही, गावात सार्वजनिक कामं काढून मजुरी द्यावी लागेल, असंही लिहिलं. पहिलं म्हणणं सरकारला झोंबणारं होतं, दुसरं जमीनवाटपाचा आग्रह धरणाऱ्या डाव्यांना पटणारं नव्हतं. देणगीदाराला हवं ते लिहिलं, असं या अहवालाबद्दल म्हणणं अवघड आहे.

त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तो ते दांडेकर होते म्हणून नव्हे. १५ रुपये कुठून आले, हे कुणालाही तपासता येईल असं छापलेलं होतं, म्हणून. आणि लोकांनी ते तपासलं. त्याच सुमाराला अर्थतज्ज्ञ बी. एस. मिन्हास वेगळी रेषा घेऊन वेगळ्या निष्कर्षाला पोचले होते. पुढे पुण्यातच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मुळावरच आक्षेप घेतला. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसादिवसाला बदलते, शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांनी उत्तर दिलं, सुखात्म्यांनी प्रत्युत्तर. दोघंही पुण्यातलेच. वाद मात्र त्यांनी साऱ्या देशाला वाचता येईल असा, छापून केला. तू सांगलीत बसून तो आजही ग्रंथालयातून काढून वाचू शकतोस, आणि वाचच.

म्हणून अहवाल हातात आला की शेवटी जा. प्रश्नावली छापली आहे का? घरं कशी निवडली ते सांगितलंय का? खर्च विचारताना मागचे सात दिवस विचारले की तीस? हा प्रश्न बारीक वाटेल, पण १९९९-२००० च्या राष्ट्रीय पाहणीत दोन्ही मुदती एकाच प्रश्नावलीत शेजारीशेजारी विचारल्या गेल्या आणि त्यामुळे गरिबी खरोखर किती घटली यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले. ही पानं ज्या अहवालात नाहीत तो कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो, बाजूला ठेव.

दबाव येतच नाही असं मात्र समजू नकोस. एका योजनेच्या मूल्यमापनात आम्हाला यादीतले बरेच लाभार्थी गावात सापडलेच नाहीत. ज्या खात्याचा पैसा होता तिथून निरोप आला, हा तक्ता मुख्य प्रकरणातून काढून परिशिष्टात टाका. आमच्या प्रमुखांनी तो होता तिथेच ठेवला. पुढच्या वर्षी त्या खात्याचं काम आम्हाला आलं नाही आणि दोन चांगले अन्वेषक घरी बसले. मला अजूनही वाटतं की प्रमुखांनी केलं ते बरोबर केलं. पण त्या दोघांची घरं त्या पगारावर चालत होती, हेही तुझ्यासारख्या या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलाने माहीत करून घ्यायला हवं. ठेवीचं व्याज भक्कम असलेली संस्था ‘नाही’ म्हणू शकते. प्रकल्पांवर जगणाऱ्या संस्थेला ते फार महाग पडतं. ज्यांच्या हातात देणग्या आहेत त्यांनी इमारतीला नाव देण्यापेक्षा मूळ निधीत भर घालावी, असं मी जिथे तिथे सांगत असते.

प्रश्न : इथे अमेरिकेत मंदी आली की नाही हे सरकार सांगत नाही, एक खाजगी संशोधन संस्था सांगते असं ऐकलं. हे कसं काय?
— एक वाचक, न्यू जर्सी

खरं आहे. नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च, एनबीईआर, १९२० साली निघालेली. तिची सुरुवातच दोन विरोधकांची आहे. माल्कम रॉर्टी हे टेलिफोन कंपनीतले अधिकारी, नाहूम स्टोन समाजवादी. देशाचं उत्पन्न कुणाकडे किती जातं यावर दोघांचं पटत नव्हतं, पण आकडेच धड नाहीत यावर एकमत झालं. मग दोन्ही बाजूंची माणसं संचालक मंडळावर घेऊन संस्था काढली आणि नियम घातला : मोजायचं, पण सरकारने काय करावं हे सांगायचं नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी बसवली ती या संस्थेच्या कामातूनच.

मंदीच्या तारखा ठरवायला तिथे १९७८ पासून एक समिती आहे. ती घाई करत नाही. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी त्यांनी १ डिसेंबर २००८ ला जाहीर केली, तोवर लीमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली होती. २०२० ची मंदी फेब्रुवारी ते एप्रिल, अवघी दोन महिन्यांची, हेही त्यांनीच ठरवलं. २०२२ मध्ये लागोपाठ दोन तिमाही राष्ट्रीय उत्पादन घटल्याचे आकडे आले तेव्हा टीव्हीवर मंदी मंदी झालं. समितीने ती मंदी धरली नाही, कारण ती रोजगार, लोकांचं उत्पन्न, कारखान्यांचं उत्पादन असं बरंच काही एकत्र पाहते. कायद्याने तिला हा अधिकार कुणी दिलेला नाही. लोक मानतात म्हणून तो आहे.

प्रश्न : ताई, आमच्या वाडीवर दोनदा पाहणीवाले आले. शेळ्या किती, कर्ज किती, पोरगी शाळेत जाते का, सगळं लिहून नेलं. अर्धा दिवस खुरपण बुडालं. नंतर कोणी फिरकलं नाही. पाण्याचं जे होतं ते तसंच आहे. आता परत आले तर सांगू की नको?
— एक शेतकरी बाई, माण तालुका

बाई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वर जी उत्तरं दिली त्यांत मी संस्थेच्या बाजूने बोलले. तुमच्या बाजूने पाहिलं तर तुमचा अर्धा दिवस फुकट गेला, हे खरं आहे. पाहणीने नळ येत नाही.

येतं ते फार उशिरा आणि आडवाटेने. आपल्या रोजगार हमीचंच घ्या. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, आणि ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला लागली. हमीचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. या कामांवर येतंय कोण, हे मोजायला संशोधक गेले. गोखले संस्थेतल्याच कुमुदिनी दांडेकर यांनी रोजगार हमीवरच्या बायकांचा अभ्यास करून १९८३ मध्ये पुस्तक केलं. कामावर बायका किती मोठ्या संख्येने येतात, कुठल्या घरच्या येतात, हे त्यातून नोंदलं गेलं. खडी फोडणाऱ्या बाईला ते आधीच ठाऊक होतं. पण कागदावर ती नव्हती, आणि जी कागदावर नाही तिच्यासाठी पाळणाघराची किंवा जवळच्या कामाची मागणी करायला कुणाच्या हातात काही नसतं. पुढे २००५ चा देशभराचा रोजगार कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा सगळा अनुभव समोर होता.

तरीही एका बाबतीत माझ्या क्षेत्रातल्या लोकांवर माझा राग आहे. आम्ही माहिती मराठीत विचारतो आणि अहवाल इंग्रजीत छापतो. तो दिल्लीला जातो, परिषदेत वाचला जातो. ज्या वाडीने सांगितलं तिथे त्याचं एक पानही परत येत नाही. पानभर मराठीत ‘तुमच्या गावात आम्हाला हे दिसलं’ असं लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला असा काय खर्च येतो? मी असताना हे बोलत होते, आताही बोलते. प्रकल्पाच्या खर्चातच ती रक्कम धरली पाहिजे आणि पान लावल्याशिवाय प्रकल्प संपला असं मानू नये.

तेव्हा पुन्हा कुणी आलं तर आधी संस्थेचं पत्र मागा, ओळखपत्र पाहा. आमची नावं आकड्यांपासून वेगळी ठेवणार का, ते विचारा. निकाल गावाला मराठीत कधी मिळणार, हे विचारून त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या आणि संस्थेचा फोन नंबर ग्रामसेवकाकडे ठेवा. आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, ओटीपी यांतलं काही मागितलं तर तो पाहणीवाला नव्हे, उठवा त्याला. खुरपणाच्या वेळेला आला असेल तर संध्याकाळी ये म्हणून सांगा. सांगायचंच नसेल तर अशा संस्थेच्या पाहणीला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण सांगायचं ठरवलंत तर खरं सांगा, सावकाराचं कर्ज धरून. बहुतेक घरी सोसायटीचं कर्ज सांगतात आणि हातउसनं, सोनं गहाण ठेवलेलं, दुकानदाराची उधारी हे गाळतात. मग माणमधल्या माणसाला कर्जच थोडं, असं तक्त्यात उतरतं. सासऱ्यांसमोर किंवा मालकांसमोर बोलायची अडचण असेल तर त्या प्रश्नाला ‘हे नंतर’ एवढंच म्हणा. काम जाणणारी पोरगी असेल तर ती शेड्यूलच्या कडेला खूण करील आणि तुम्ही पाण्याला निघाल की तुमच्याबरोबर चालत येईल.